झेंड्यांच्या कवितेला तीन कवी

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? (माझाही दुखतो, पण तू मोठी, म्हणून आधी तुझा विचारला.)

आपल्या जुन्या साहित्य चळवळीला अखेर मान मिळतोय. ग्रंथालयाच्या नव्या दालनात आपली झेंड्यांची कविता दगडावर कोरणार आहेत. 'ज्यांनी झेंडे शिवले, त्यांच्या कोपराला ठिगळ', तीच. आपल्या सायक्लोस्टाइल अंकाच्या शेवटच्या पानावरून ती कारखान्याच्या फाटकावर गेली, संपात गायली गेली, ती म्हटली म्हणून दोघंतिघं तुरुंगातही जाऊन आले. ज्या सरकारने अंक जप्त केला, त्याच सरकारच्या पाठ्यपुस्तकात ती आता आहे, खाली प्रश्नांसकट. ('कवीला काय म्हणायचे आहे?' याचं उत्तर नातीला मीच लिहून दिलं. दहापैकी चार.)

घोळ असा, की कविता सगळ्यांची म्हणून आपण अंकात कोणाचंच नाव छापत नव्हतो, आणि ग्रंथपालबाई म्हणतात, दगडावर नाव हवंच. म्हणून सरचिटणीसाच्या घरी बैठक भरली. (चळवळ कधीच थांबली, तो अजून सरचिटणीसच आहे. राजीनामा घ्यायला कोणी उरलं नाही.) मी, तो आणि मास्तर, तिघांनीही शांतपणे सांगितलं, की कविता आपली. मास्तरला तर लिहिताना शाई संपली होती, हेही आठवतं. शेवटी सरचिटणीस म्हणाला, "मतदान घ्या." आपल्याकडे स्वल्पविरामसुद्धा हात वर झाल्याशिवाय पडत नसे, तेव्हा घेतलं. तिघांना एकेक मत. फेरमतदानातही तेच. मास्तर वैतागला. "अरे, निदान लाजेखातर तरी दुसऱ्याला मत द्या!" लाज सगळ्यांनाच वाटली, हात मात्र तिथेच राहिले.

मला निकालाची मुळीच काळजी नाही. कवितेतला प्रत्येक शब्द माझ्या वळणाचा आहे, हे आंधळ्यालाही दिसेल. घरी सगळ्यांना आशीर्वाद सांग.

तुझा,
धाकटा

ता. क. : अंकाचे स्टेन्सिल तू कापायचीस, म्हणजे रीतसर सभासदच. सोमवारी पाथरवट यायचा आहे. रविवारी ये आणि माझ्या बाजूने हात वर कर. न्यायला गाडी पाठवतो.

ता. क. दुसरा : पाकीट चिकटवण्याआधी हिने पत्र वाचलं. म्हणाली, "अहो, पण तुमच्या चळवळीचे झेंडे शिवत कोण होतं?" ताई, मी डिंक पाकिटाऐवजी स्वतःच्या बाहीला लावला. (ही घाबरून पाणी घेऊन आली.) मग आठवलं, शिलाईचं मशीन तुझंच होतं. त्या अंकाचं शेवटचं पान अर्धं रिकामं राहणार होतं, आणि तू म्हणाली होतीस, "मी बघते काहीतरी."

रविवारी ये. ठराव मी मांडतो. तुझं एक, माझं एक, बहुमत आपलंच. आणि शेवटची ओळ छपाईत पुसट आली होती, आम्ही तिघं ती तीन तऱ्हांनी म्हणतो. खरी कशी आहे, तेवढं पाथरवटासाठी लिहून आण.