आमेन कोणी म्हणायचं

सानपाडा,
११ नोव्हेंबर २०२५

प्रिय दादाला,

एस्तेरचा प्रभूमध्ये सलाम. वहिनीचे गुडघे कसे आहेत? तिला म्हणावं, जिने चढणं बंद कर.

इकडे आम्ही ठीक. खरंच ठीक, दादा. ह्यांचा रिपोर्ट काल आला. कॅन्सर कुठेही उरलेला नाही. स्वरयंत्र काढलं ते काढलंच, पण माणूस घरात आहे आणि डाळीत मीठ कमी पडलं की भुवई चढवतोय.

फोन सोडून पत्र का, म्हणून तू चिडशील. ऑपरेशनपासून तुझे फोन मी उचलले नाहीत. रेंज नसते असा मेसेज केला, ते खोटं. उचलला असता तर तू म्हणाला असतास, "चल, प्रार्थना करू या." आणि मला करायची नव्हती. पाळकाच्या बहिणीने असं लिहावं! पण मी देवाशी अबोला धरला होता. ज्याने जन्मभर चर्चमध्ये गायन चालवलं त्या माणसाचा नेमका गळाच?

आपल्या घरची रीत तुला ठाऊकच आहे, देवाचे आभार मानल्याशिवाय घास नाही. आभार हे मानायचे, आमेन मी म्हणायचे. आता हे डोळे मिटून मनातच मानतात आणि माझ्या आमेनसाठी थांबतात. मी म्हणायचेच नाही. सरळ जेवायला लागायचे. शेवटी हे डोळे उघडायचे आणि गार भात मुकाट्याने खायचे. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

परवा आमच्या घरमालकीण मालतीबाई कोलंबीचं कालवण घेऊन आल्या. इथल्याच जुन्या गावच्या त्या, आग्रहाची वाट बघत नाहीत, जेवायलाच बसल्या. ह्यांनी डोळे मिटले, मी घास उचलला. त्यांनी विचारलं, हे काय चाललंय? मी सांगितलं, माझ्या आमेनसाठी थांबलेत. त्यांनी माझा हात धरून घास ताटात ठेवायला लावला.

"अगो, तो तुज्यासाठी उपाशी बसलाय. नाय बोलत? मंग मीच बोलतंय."

आणि हात जोडून मोठ्याने म्हणाल्या, "आमेन."

हे हसले. आवाज कुठला, पण खांदे गदागदा हलत होते. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच. आणि मी ताटावरच रडले, दादा. मी पाठ फिरवून बसले होते, तरी माझी वाट बघणं कोणी सोडलं नव्हतं. ह्यांनीही नाही आणि देवानेही नाही. कृपेवर तू एवढी प्रवचनं केलीस, मला ती कृपा कोलंबीच्या कालवणात सापडली. हसू नकोस.

डोळे पुसून मीही आमेन म्हटलं. तेव्हा रिपोर्ट आला नव्हता, बरं का. काय येईल ते ठाऊक नव्हतं.

रविवारी उपासना आटोपली की जेवायच्या वेळेला फोन कर. स्पीकरवर ठेवते. प्रार्थना तू कर, हवी तेवढी लांबव. भात गार झाला तरी चालेल.

आमेन मी म्हणेन.

तुझी, अबोला सोडलेली,
एस्तेर