घशात धागा नव्हता

वडगाव, बेळगाव
१४ नोव्हेंबर

प्रिय पूर्णी,

कांडी भरायचं यंत्र, सायकलच्या चाकावर चालणारं, एक. साडीच्या नक्षीची जकार्ड कार्डं पाडायची यंत्रं दोन, त्यातलं दुसरं अजून चालतं. तुझ्या वहिनीचा शेवयांचा साचा. धागा तुटला की माग आपोआप थांबवणारा खटका, आठ मागांवर. एवढं मी कुणी न शिकवता या दोन हातांनी केलंय, आणि शाळा सातवीपर्यंत. फुशारकी मारतोय म्हण, थोडी आहेच. पण भिंतीपलीकडून आवाज ऐकून कुठल्या मागाचा कुठला नट सैल झालाय ते सांगणाऱ्या तुझ्या अण्णाला स्वतःच्या घशात काय चाललंय ते साडेचार महिन्यांत कळलेलं नाही. आजही नीट कळलेलं नाही. जेवढं कळलंय तेवढं लिहितो.

सुरुवात २६ जूनची, गुरुवारची. धोट्याच्या भोकातून धागा काढताना आपण तोंड लावून ओढतो, तूही लहानपणी ओढायचीस. त्यासाठी तारेचे हूक मी स्वतः करून ठेवलेत, तरी घाईत तोंडच जातं. त्या दिवशी अंजिरी धागा ओढला आणि जोराचा ठसका लागला. त्याच दुपारी भाकरीचा घास छातीच्या मधोमध अडकला. मी दोन्हीचा मेळ तिथल्या तिथं घातला: धाग्याचा तुकडा आत जाऊन कुठंतरी चिकटलाय, त्यावर घास अडतो. आता सापडला दोष म्हटल्यावर दुरुस्ती सुरू. पिकलेलं केळं न चावता गिळलं, भाताचे घट्ट गोळे गिळले, सकाळी कोमट तूप प्यालो. नळीत अडकलेली वस्तू मागून ढकलून काढतात तसं. एकदा गोळाच असा बसला की डोळ्यांतून पाणी आलं, थुंकीसुद्धा खाली जाईना. पाच-सात मिनिटांनी मोकळं झालं. हे कुणाला सांगितलं नाही.

वही मात्र ठेवली. जुलैत भाकरी पंधरा दिवसांतून एखाद्या वेळी अडकायची, ऑगस्टमध्ये आठवड्यातून दोनदा, गणपतीनंतर जवळजवळ रोज. दसऱ्यापासून चपातीही. आता भात पातळ आमटीत कालवला तरच जातो. पण मधेच एखादा दिवस असा येतो की दीड भाकरी सुरळीत उतरते आणि मला वाटतं, सुटला धागा! दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. यंत्र असं वागत नाही गं. त्यात आणखी एक भानगड. काही गिळायचं नसतं तेव्हाही गळ्याच्या खळग्यात सुपारीएवढा गोळा बसल्यासारखा वाटतो. जेवायला बसलो की तो जातो आणि घास खाली छातीत थांबतो. म्हणजे दुखणं एक की दोन? वहीत दोन रकाने केले, तरी उलगडा होईना.

तुझ्या वहिनीनं ताटातली अर्धी भाकरी बघून आपला वेगळाच अर्थ लावला. आधी जोंधळा बदलला, मग गिरणी बदलली, शेवटी परातीवर हात आपटून म्हणाली, "भाकरीवर राग काढू नगा, काय बोलायचं ते मला बोला!" मी तिला जोंधळ्यावरच संशय घेऊ दिला. शेजारची मंडळी पित्त म्हणाली, कुणी दृष्ट काढायला सांगितलं. भाऊबीजेला तुझ्याकडं निपाणीला आलतो तेव्हा मी परसात दात दुखतोय म्हणून उभा होतो ना, दात दुखत नव्हता. तुझी पुरणपोळी मी पेरूच्या झाडाखाली बाहेर काढत होतो. तू वाईट वाटून घेतलंस, मला दिसलं. पोळी चांगली होती.

त्यानंतर बेळगावात कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडं गेलो. बसल्याबरोबर सांगितलं, घशात धागा अडकलाय, तेवढा काढून द्या. त्यांनी नाकातून बारीक नळी घालून बघितलं. घसा स्वच्छ आहे, धागाबिगा काही नाही, आम्लपित्तानं किंवा काळजीनं असा गोळा वाटतो, म्हणाले. पंधरा दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि बजावलं, घास अडकायला लागला किंवा वजन उतरलं तर लगेच या. मी मान हलवली. घास अडकतोच आहे, हे तोंडातून आलंच नाही. धागा नाही म्हणाल्याचा राग आला होता. काल शिकलेल्या पोरानं माझ्या कामात चूक काढावी तसं वाटलं.

गेल्या सोमवारी गुंडू आला, त्याचे चार माग आहेत, दुरुस्तीला मीच जातो. म्हणाला, मोटर जळलीय, नवी बसवा. मी नेहमीसारखा ओरडलो, मोटर जळली का काय ते मी ठरवतो, तू फक्त आवाज कसा येतोय ते सांग! तो निवांतपणे म्हणाला, "व्हय अण्णा, पर तुमचाच आवाज आसा का येतोय, फुटक्या भोंग्यागत?" हसलो, पण काम सुचेना. वीस वर्षं मी गिऱ्हाइकांना जे ओरडतोय, तेच मी डॉक्टरांपुढं केलं होतं. काय होतंय ते न सांगता कशामुळं होतंय ते सांगून मोकळा झालो होतो. त्या बिचाऱ्यांनी जेवढं विचारलं गेलं तेवढं तपासलं.

मंगळवारी पोटाच्या डॉक्टरांकडं गेलो आणि कारणाचा एक शब्द न काढता वही पुढं ठेवली. त्यांनी शेवटच्या पानापर्यंत वाचली. वजन केलं. जूनमध्ये अडुसष्ट होतं, एकसष्ट भरलं. समजावून सांगितलं ते असं: नुसता गोळा वाटणं आणि जेवताना जाणं, हे बहुतेक वेळा घाबरण्यासारखं नसतं. पण गिळलेला घास खरोखर अडकणं, आधी घट्ट आणि मग मऊही अडकणं, त्यात वजन उतरणं, आवाज बसणं, यात थांबायचं नसतं. हे पहिल्या महिन्यातच दाखवायला हवं होतं. आणि गोळे गिळून ढकलणं आजपासून बंद. घास अडकून थुंकीही उतरली नाही, रक्त पडलं किंवा शौचाला काळं झालं, तर वेळ न बघता दवाखाना. मी तरी विचारलंच, धागा असेल का? ते म्हणाले, धागा असता तर तुमच्या वहीतला त्रास असा शिस्तीत वाढला नसता. पित्तानं सूज असेल, नळी अरुंद झाली असेल, किंवा दुसरं काही असेल, दुर्बीण घातल्याशिवाय कुणी सांगू शकणार नाही. दुसरं काही म्हणजे काय, ते मी विचारलं नाही. स्क्रू कितीचा आहे हे दोनदा मोजणारा मी, आणि तिथंच थांबलो.

त्यांनी विचारलं, घरात कुणाला असं झालेलं? मी म्हणालो, नाही. बाहेर येऊन रिक्षात बसलो आणि आपल्या आप्पांची खाट आठवली. वरच्या यादीत ती मी लिहिली नाही. डोक्याकडची बाजू नऊ इंच उचलणारी, मीच केलेली. मी तेव्हा इचलकरंजीत कामाला होतो. आडवं झाल्यावर आप्पांना ठसका लागतो, खाल्लेलं वर येतं, असं तू कळवलंस. रविवारी येऊन मी माप घेतलं, सोमवारी वेल्डिंग केलं. ठसका का लागतो ते विचारलं नाही. आई गेल्यापासून आप्पांचं अन्नावरचं मन उडालं, असं आपण सगळे म्हणत आलो. पण पूर्णी, तांब्या जवळ ठेवल्याशिवाय ते घास घेत नव्हते ना? का मलाच आता तसं आठवतंय? गेले तीन दिवस हेच ठरत नाही.

म्हणून हे पत्र. फोनवर तू "काय न्हाय हो अण्णा" म्हणशील आणि मीही काही नाही म्हणेन. शेवटचे आठ महिने आप्पांपाशी तू होतीस, मी नव्हतो. आधी काय अडकलं, भाकरी की भात? पातळ कधी अडकायला लागलं? त्यानंतर किती दिवस काढले त्यांनी? माझ्याकडं बघून काही कमी करू नकोस, जसं होतं तसं लिही, डॉक्टरांना तेच हवंय. दुर्बीण येत्या गुरुवारी, २० तारखेला सकाळी नऊला, उपाशीपोटी. गुंगीचं औषध देतात, म्हणून घरचं माणूस बाहेर बसलेलं लागतं. वहिनीला रविवारी सांगतो, पण तिथं ती एकटी बसायला नको. तू बुधवारीच ये. मी आजवर कुणाला ये म्हणालेलो नाही, तेव्हा हे कसं लिहायचं ते कळत नाही, एवढंच लिहितो. काल चिकोडीकडचा एक माणूस मागावर येऊन गेला. दुर्बीण नको, कापाकापी नको, एकवीस दिवसांच्या पुड्यांत घसा मोकळा करून देतो, लिहून देतो म्हणाला. मी कपाटाची किल्ली हातात घेतली होती. मग त्याला नको म्हणालो. साडेसात हजार रुपये सांगत होता.

तुझाच,
सुबराव अण्णा