कानांनी वाचायची पानं

प्रिय कोमल,

हे पत्र तुझा फोन तुला वाचून दाखवील, म्हणून आधीच सांगते. ढाब्याच्या गल्ल्यावर बसली असशील तर कानात इयरफोन घाल. यात एका ठिकाणी वैजनाथकाकांबद्दल लिहिलंय आणि ते त्यांच्या कानावर पडू नये असं मला वाटतं. पत्र लांब आहे. फोनवर बोलायला घेतलं असतं तर तू मधेच विषय बदलला असतास, मला तुझी सवय माहीत आहे. पत्राला मधे तोडता येत नाही. फार तर बंद करता येतं, आणि तू अर्धवट काही बंद करत नाहीस.

कुरुंद्यात आमची हळद शिजवून झाली. गच्चीवर पाय ठेवायला जागा नाही, सगळीकडे हळद वाळत घातलीय, आणि माझी खोली गच्चीला लागून असल्यामुळे कीबोर्डच्या कळासुद्धा पिवळ्या झाल्यात. आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते की आमची पुनम कंपुटरच्या भाषेचं पुस्तक दुरुस्त करून राहिली. मी आधी तिला सुधारायला जायचे. आता जात नाही, कारण ते अगदी बरोबर आहे. आपण नांदेडला प्रोग्रॅम लिहायची जी भाषा शिकलो तिचं पुस्तक तिच्या पोटातच आहे. फंक्शनचं नाव टाकून मदत मागितली की त्याचं पान समोर उघडतं. ती पानं जगभरातल्या लोकांनी वर्षानुवर्षं लिहिली, कुणी नीट, कुणी घाईत, आणि ती सगळी तपासून नव्यानं लिहायचं काम आता आमच्या छोट्या गटाकडे आहे. आमची प्रमुख मार्ता पोर्तुगालमध्ये बसते, मी इथे हळदीच्या वासात. काम चांगलं चाललंय, आणि मी ते चांगलं करते, हेही लिहून टाकते.

ती पानं वाचायची सवय मला तुझ्यामुळे लागली. कॉलेजात काही अडलं की सगळी पोरं इंटरनेटवर उत्तर शोधायची. तू मात्र आधी मदतीचं पान उघडायचीस. ज्यानं बनवलं त्यानंच लिहून ठेवलंय तर दुसऱ्याला काहून विचारायचं, असं म्हणायचीस. संध्याकाळी मेसवरून होस्टेलला येताना तू माझं कोपर धरायचीस आणि आपण दोघी ते हसण्यावारी न्यायचो. पुढे डॉक्टरांनी डोळ्यांच्या पडद्याचा आजार सांगितला. तुझी पुण्याची नोकरी त्यानंतरही चालू होती. मग एक दिवस कळलं की तू नोकरी सोडून कनेरगाव नाक्याला घरच्या ढाब्यावर परत आलीस. सगळ्यांनी मानलं की डोळे गेले म्हणून कोमलनं काम सोडलं. मीही तेच मानलं.

गेल्या दिवाळीत मी तुझ्याकडे आले ती दुपार मला जशीच्या तशी आठवते. ढाब्यावर वाशीमकडे निघालेल्या ट्रकवाल्यांची गर्दी होती, आणि तू गल्ल्यावर बसून फोनवर दूधवाल्याला झापत होतीस. तुझं संपल्यावर मी माझ्या कामाचं कौतुक सुरू केलं, नवी पानं किती सुंदर दिसतात, किती सुटसुटीत तक्ते केलेत. तू उठलीस. आतल्या खोलीतून तुझा जुना लॅपटॉप आणलास, तेच माझं आवडतं पान उघडलंस आणि म्हणालीस, “ऐक.” लॅपटॉपमधलं वाचून दाखवणारं यंत्र वाचू लागलं. उभी रेघ, डॅश, डॅश, डॅश, डॅश, तक्त्याच्या चौकटीची रेघही ते तुकड्या-तुकड्यानं वाचत होतं. मी वाट बघत राहिले. तू म्हणालीस, “माणूस झोपंल, पण ही रेघ संपायची न्हाई.” मग तक्त्यातले शब्द आले ते आडवे, एका रकान्यातला एक, दुसऱ्यातला एक, कशाचा कशाला पत्ता नाही. शेवटी ‘वरील आकृती पाहा’ असं वाक्य आलं आणि तू लॅपटॉप मिटलास.

तेव्हा तू जे बोललीस ते पहिल्यांदाच बोलत होतीस. पुण्याच्या ऑफिसात प्रत्येक पानासाठी शेजारच्याला विचारावं लागायचं, हे काय लिहिलंय, या रकान्यात काय आहे. लोक चांगले होते, सांगायचे. “पण मला विचारून विचारून कटाळा आला, पुनम. प्रोग्रॅम लिहायला डोळे लागत न्हाईत. ते तर मी डोक्यातच लिहीत होते. वाचायलाच काही ठेवलं न्हाई माह्यासाठी.” एवढं बोलून तू मला शेवभाजी वाढायला सांगायला आत गेलीस, आणि परत आलीस तेव्हा विषय बदलला होतास.

आता काकांबद्दल. ते मला बसपर्यंत सोडायला आले होते. गाडीची वाट बघताना म्हणाले, “बाई, आमच्या पोरीजवळ त्या कामाचं काढत जाऊ नको. रडत न्हाई ती, पण मग कोणाशी बोलतबी न्हाई. आम्हाला लई तकलीफ होती ते बघून.” मी त्यांना शब्द दिला, आणि आजवर पाळला. म्हणूनच इतके महिने तुला माझे निरोप आले ते फक्त हवापाण्याचे. तू समजली असशील की मी ऐकलं आणि विसरले.

विसरले नव्हते. दिवाळीनंतरच्या पहिल्याच बैठकीत मी मार्ताला म्हटलं की तक्ते काढून टाकू, सगळं वाक्यांत लिहू, आणि प्रत्येक पान ऐकून बघू. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि नाही म्हणाली. तिचं म्हणणं चुकीचंही नव्हतं. माणसं थोडी, पानं हजारो, आणि तक्ता एका नजरेत कळतो. मी म्हटलं, ज्याला नजर आहे त्याला. बाकीच्यांनी माना हलवल्या, वाईट वाटल्याचं सांगितलं, आणि पुढचा विषय घेतला. मला तेव्हाच कळलं की वाईट वाटून कुणी हजारो पानं बदलत नसतं. त्यांना दुसरं काहीतरी द्यावं लागणार होतं. मी त्या पुस्तकातलं फक्त याद्यांचं प्रकरण मागून घेतलं. तेवढं माझ्या पद्धतीनं करते, पटलं नाही तर जुनं ठेवा, असं सांगितलं.

मग मी स्क्रीन बंद करून कामाला बसायला लागले. सुरुवातीला मला ऐकताच येईना. डोळ्यांनी वाचताना आपण किती उड्या मारतो ते मला तेव्हा समजलं. कानाला उडी मारता येत नाही, म्हणून जे सांगायचं ते पहिल्याच वाक्यात आलं पाहिजे. ‘खालील’, ‘वरील’, ‘उजवीकडचा’ हे सगळे शब्द काढावे लागले. उदाहरण सुरू कुठे होतं आणि संपतं कुठे हे शब्दांत सांगावं लागलं. एकदा आई गच्चीवर हळद पसरत होती आणि यंत्र तेच पान पुन्हा पुन्हा वाचत होतं. तिला इंग्रजी कळत नाही, पण ती दारात येऊन म्हणाली, “ती बाई एकच गोष्ट काहून सांगून राहिली?” मी म्हटलं, मीच परत परत लावतेय. पण नंतर बघितलं तर त्या पानात एकच सूचना वेगवेगळ्या जागी तीनदा लिहिलेली होती. दोन काढून टाकल्या. आईला सांगितलं तर तिला त्याचं काही विशेष वाटलं नाही, ती वडे तळायला खाली गेली.

खरी गोष्ट पुढे आली ती सरासरी काढणाऱ्या फंक्शनच्या पानावर. तिथे मोठा देखणा तक्ता होता. डावीकडे काय दिलं, उजवीकडे काय मिळेल. मी एकेका ओळीचं वाक्य करत गेले. यादीत आकडे असतील तर सरासरी मिळेल. आकड्यांच्या जागी शब्द असतील तर प्रोग्रॅम चूक दाखवून थांबेल. यादी रिकामी असेल तर, आणि इथे माझं वाक्य अडलं. कारण तक्त्यात त्या ओळीपुढचा रकाना रिकामा होता. तक्त्यात रिकामा रकाना खपून जातो, दिसायलाही वाईट दिसत नाही. वाक्य मात्र अर्ध्यावर सोडता येत नाही. मी फंक्शन चालवून पाहिलं. रिकाम्या यादीची सरासरी शून्य आली, गुपचूप. त्याच्याच जोडीचं, तारखांसकट आकडे घेणारं फंक्शन चालवलं, तर ते चूक दाखवून थांबलं. दोन भावंडं, एकाच प्रश्नाला दोन उत्तरं, आणि पुस्तकात कुठेच काही नाही.

यानं काय बिघडतं ते तुला सांगायला नको, पण मी गटाला कसं सांगितलं ते ऐक. मी म्हटलं, आमच्याकडे गावोगावी पर्जन्यमापक बसवतात. यंत्र बंद पडलं तर त्या दिवसाची यादी रिकामी येते. तुमचं फंक्शन म्हणतं, सरासरी शून्य, म्हणजे पाऊस पडला नाही. बाहेर नदीला पूर आलेला असला तरी कागदावर कोरडं. मग एका सहकाऱ्याला आठवलं की केनियातल्या एका बाईनं विहिरीच्या पाण्याच्या पातळीबद्दल नेमकी हीच तक्रार केली होती, आणि पुस्तकात काहीच नसल्यामुळे कुणी तिला उत्तर दिलं नव्हतं. ती तक्रार शोधून काढली. खरंच तशीच पडून होती.

त्या बैठकीत मार्तानं ती तक्रार स्वतः उघडून वाचली. मग तिनं मला विचारलं की हे तुला सापडलं कसं. मी खरं ते सांगितलं. पान कानानं वाचता यावं म्हणून लिहायला गेले आणि भोक दिसलं. ती म्हणाली, “मग अशी आणखी किती असतील?” त्या आठवड्यात बाकीच्यांनीही आपापल्या प्रकरणातलं एकेक पान तसं लिहून पाहिलं, आणि प्रत्येकाला काही ना काही सापडलं. मार्ताला स्वतःच्याच पानात सापडलं, आणि तिनं ते सगळ्यांसमोर सांगितलं, हे मला आवडलं. सरासरीचं फंक्शन आता दुरुस्त झालंय. याद्यांचं प्रकरण पुढच्या आवृत्तीत मी लिहिलं तसंच जाणार आहे. कच्ची पानं आधीच सगळ्यांना वाचायला ठेवलीत, आणि ज्यांना दिसतं त्यांच्याकडूनही पत्रं आली की ही पानं आता शेवटपर्यंत वाचली जातात. त्यात एकही डॅशची रेघ नाही. तू उघडून बघ, कुणाला विचारावं लागणार नाही.

आता हे सगळं तुला का सांगतेय ते. काकांना दिलेला शब्द मी आज मोडतेय, आणि मुद्दाम मोडतेय. गटानं ठरवलंय की यापुढे प्रत्येक पान बाहेर जाण्याआधी ते ऐकून तपासणारं माणूस हवं. पूर्ण वेळचं काम, नीट पगार, जिथे आहे तिथून, म्हणजे ढाब्याच्या मागच्या खोलीतूनही. मार्तानं त्या कामासाठी मला गृहीत धरलं होतं. मी नाही म्हटलं. पुढचं प्रकरण चुकांच्या संदेशांचं आहे, सगळ्यात गुंतागुंतीचं, आणि ते माझ्यानं होणार नाही. मी थकले की स्क्रीन चालू करते, कोमल. मला चालू करता येते हीच माझी अडचण आहे. अर्ध्या चुका मी बघून पकडते आणि मला वाटतं मी ऐकून पकडल्या. त्यांना मी एवढंच सांगितलंय की ज्या मैत्रिणीमुळे मी हे शिकले तिला विचारते. ते तुझी परीक्षा घेतील, सोपी नसेल, आणि मी त्यात तोंड घालणार नाही. तुझं नाव त्यांनी दोनदा विचारलं. मी सांगितलं नाही. येत्या मंगळवारी दुपारी बैठक आहे, तिचा दुवा या पत्रासोबतच पाठवलाय. नाही आलीस तर पुन्हा कधी हा विषय काढणार नाही, हा शब्द मात्र मोडणार नाही. आलीस तर मी कॅमेरा बंद करून गप्प बसेन. तुझं नाव तू सांग.

तुझीच,
पुनम