वीस मिनिटं उशिराची नोंद

९ फेब्रुवारी, रविवार

प्रिय ताई,

तुला आणि भाऊजींना नमस्कार. इकडे ठीक आहे. गुडघा आता दुखत नाही. परीक्षा तोंडावर आल्या आहेत आणि नववीचा 'हवा आणि हवामान' हा धडा काही संपत नाही.

तुझा निरोप मिळाला. पुढच्या महिन्यात आईला जाऊन वर्ष होईल, तेव्हा सगळ्यांनी तुझ्याकडे जमायचं. उत्तराला उशीर झाला. दोनदा लिहायला बसलो आणि दोनदा उठून घरभर चकरा मारल्या.

परवा वर्गात वर्षभराच्या नोंदी काढल्या. एका दिवसाची ती हवा, वर्षानुवर्षांच्या सरासरीचं ते हवामान, हे मुलांना पाठ असतं. पण सरासरी स्वतः काढल्याशिवाय डोक्यात शिरत नाही. म्हणून प्रत्येक बाकाला एकेक महिना वाटून दिला. आवारातल्या तापमापकाची नोंद रोज साडेआठला घ्यायची, चुकली तर रकाना कोरा सोडायचा, उशीर झाला तर शेऱ्यात कारण लिहायचं, हा माझाच नियम. मागच्या मार्चची वही शेवटच्या बाकावरच्या बडबड्या मुलीकडे गेली. ती ओरडलीच,

"सर, तुम्ही पण लेट! 'वीस मिनिटे उशीर. कारण, घरून फोन.'"

"आमच्याकडे पालकांची चिठ्ठी मागता, तुमची चिठ्ठी कुठंय?" तिची शेजारीण म्हणाली.

वर्ग खिदळला. मीही हसलो.

"मग ही नोंद धरायची की सोडायची, सर?"

"धरा," मी म्हणालो. "लिहिलंय ते खरं आहे."

ती अकरा मार्चची नोंद आहे, ताई. आई गेली त्या दिवसाची.

मी तुम्हाला सांगितलं होतं की फोन साडेदहाला आला. तो आला आठ-वीसला. भाऊजी म्हणाले, "आई सारखं तुझं नाव घेतायत. असशील तसा निघ." मी हो म्हटलं, अर्धा तास आवारात चकरा मारल्या आणि पारा वाचायला गेलो. आकडा डोक्यात राहीना, चारदा वाचला. मग दोन तासिका सापेक्ष आर्द्रता शिकवली. मला कुणी अडवलं नव्हतं. तिला तसं बघायची भीती वाटत होती. मी निघत नाही तोवर ती आहे, असं काहीतरी. साडेदहाला निघालो, साडेबाराला पोचलो. ती पाऊण तास आधी गेली होती.

दारातच तू भाऊजींवर कडाडलीस, "सकाळीच फोन करा म्हटलं होतं ना? एक काम धड होत नाही तुमच्याच्यानं!" त्यांचा फोन खिशातच होता. काढून त्यातली आठ-वीसची वेळ दाखवली असती, तर मी तिथेच उघडा पडलो असतो. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "राहून गेलं."

तू अजून त्यांना ऐकवतेस. मागच्या सुट्टीत जेवताना म्हणालीस, "यांच्या भरवशावर राहिले आणि माझा भाऊ आईच्या शेवटच्या भेटीला मुकला." ते तेव्हा मला भाजी वाढत होते. मी आणखी थोडी घेतली.

फोनवर हे माझ्या तोंडातून निघालं नसतं, म्हणून कागद. पत्र आधी भाऊजींना वाचून दाखव. मला काय बोलायचं ते नंतर बोल.

आणि आईच्या वर्षश्राद्धाला मी यायचं की नाही, ते तू ठरवू नकोस. तू माझीच बाजू घेशील. त्यांना ठरवू दे.

भाऊजींचा गुन्हेगार,
तुझा धाकटा भाऊ