लाल रिबीन छापलेली पिशवी

२३ नोव्हेंबर, रविवार

थोबाडीत दिली! मंडईत, भर गर्दीत.

मदतीचा डबा घेऊन उभे होतो. एचआयव्ही असलेल्या घरांना महिन्याचं रेशन द्यायचंय, त्यासाठी कॉलेजचे आम्ही पाचजण. एक काका आले, इस्त्रीचा शर्ट, हातात मेथीची जुडी. म्हणाले, "मजा मारताना आम्हाला विचारलं होतं का त्यांनी?" आणि थुंकले. पानाची पिचकारी, थेट डब्यावर! माझा हात कधी उठला कळलंच नाही. चष्मा उडाला त्यांचा. प्रज्ञेशने मला मागे ओढलं, नाहीतर दुसरीही दिली असती.

"निकिता, आपण मदत मागायला आलोय की वसुलीला?" हे प्रज्ञेशचं. स्वतः मात्र तोंड फिरवून हसत होता, डँबिस.

हात अजून झिणझिणतोय. बरं वाटतंय. खोटं कशाला लिहू?

२७ नोव्हेंबर

पिशव्या छापून आल्या. पांढरं कापड, वर वीतभर लाल रिबीन, खाली 'आम्ही सोबत आहोत'. कल्पना माझी!

रुपालीताईंना दाखवल्या. त्या संस्थेच्या कार्यकर्त्या, स्वतः बारा वर्षं एचआयव्हीच्या गोळ्या घेतात. पिशवी उलटसुलट करून बघितली. "छान आहे हो. आता ही आत लपवायला एखादी साधी पिशवी आणा."

मी म्हटलं, ताई, आपण लपवतो म्हणून तर लोकांचं फावतं.

"सोबत तुम्ही राहणार. वस्तीत मात्र त्यांनी राहायचं, नाही का?"

टोमणे मारण्यात या बाईंचा हात कोणी धरणार नाही. पहिलं घर त्यांनीच दिलं, लोणी काळभोरच्या हिराताईंचं. कोणी विचारलं तर हिराताईंची भाची म्हणून सांगायचं. साधा ड्रेस, साधी पिशवी. सगळे असेच जातात म्हणे, कुणी भाचा होतो, कुणी मेव्हणी. सगळ्या गावाला भाच्या! मला पटत नाही. आपण काय चोर आहोत?

१ डिसेंबर, सोमवार

जागतिक एड्स दिन. प्रज्ञेशच्या स्कूटरवरून हिराताईंकडे गेलो. साधी पिशवी नेली नाही. लाल रिबिनीचीच नेली, आणि ग्रुपचा टी-शर्टही घातला.

हिराताई रोपवाटिकेत कामाला आहेत. नवरा चार वर्षांपूर्वी गेला, काविळीने गेला असं लोकांना सांगितलंय. दोन पत्र्याच्या खोल्या, भिंतीला भिंत लावून दिराचं घर. दारासमोरच नळ, नळावर सात-आठ बायका. गोळ्या हिंगाच्या डबीत ठेवतात, वर कापूस दाबून, वाजू नयेत म्हणून.

पिशवी बघितली आणि त्यांचा चेहरा पांढराफटक. "आत या! आत या आधी!" दार लावलं. तांदूळ, डाळ, शेंगदाणे सगळं पातेल्यांत ओतलं, पिशवी माझ्या अंगावर फेकली. "ही न्या. घडी करून न्या, पोटाशी धरा."

मी म्हटलं, ताई, घाबरायचं कशाला? तुम्ही काय गुन्हा केलाय?

बाहेर आलो. नळावर एकजण दुसरीला म्हणाली, "ही रिबीन दवाखान्याच्या भिंतीवर असती. त्या रोगाची." मी छाती काढून म्हटलं, हो, त्याचीच! माहिती हवीय का?

प्रज्ञेशने पिशवी माझ्या हातातून काढून स्कूटरच्या डिकीत कोंबली.

४ डिसेंबर

रुपालीताईंचा फोन. हिराताईंचा हंडा नळावरून लाथेने उडवला. त्यांच्या पाचवीतल्या मुलीला शिकवणीतून घरी पाठवलं. काल दुपारी पत्र्यावर दगड. दीर म्हणतोय, खोल्या खाली कर.

मी विचारलं, मी काय करू? म्हणाल्या, "पुष्कळ केलंत. आता घरी बसा."

घरी बसू? माझ्यामुळे झालं आणि मी घरी बसू?

५ डिसेंबर

डाव्या हाताने लिहितेय. उजव्याला पाच टाके.

हिराताईंकडे पोचले तेव्हा सामान बाहेर फेकलेलं होतं. आरशाच्या काचा, डाळीचा चिखल. दीर, बाबुराव त्याचं नाव, हिराताईंना बागेच्या पाइपने मारत होता. केस धरून! मुलगी नळाजवळ उभी, ओरडतही नव्हती. वीसेक माणसं बघत होती. बघत!

पाइप धरला मी. त्याने ढकललं, काचांवर पडले, तळवा फाटला. "सोन्यासारखं घर बाटवलं हिनं!" म्हणत पुन्हा पाइप उचलला. हाताला अर्धी वीट लागली. घातली कपाळात. सगळी ताकद लावून घातली. मरू दे असंच वाटत होतं तेव्हा, लिहून ठेवते.

खाली बसला. रक्ताची धार. मला धरायला आला, माझ्या हातावर त्याचंच रक्त. दोघं पोरं त्याला उचलायला धावली तर केवढ्याने ओरडला, "लांब व्हा! कुनी हात लावू नका मला!" एवढा माज! रक्त गळतंय तरी माज उतरत नाही.

हिराताई आणि मुलगी रुपालीताईंच्या खोलीवर आहेत. आईला सांगितलं, स्कूटर घसरली.

६ डिसेंबर

हिराताईंना ओढतच पोलिसांत नेलं. तिथल्या मॅडम शांत होत्या. "घ्या ना तक्रार. मारहाण तर आहेच. शिवाय संमतीशिवाय कुणाचा आजार उघड करणं, तोही कायद्याने गुन्हा. लिहू? उघड कोणी केला?"

हिराताईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "मला काय लिहायचं न्हाई," म्हणाल्या.

बाबुरावनेही तक्रार दिली नाही. मोरीत पडलो म्हणतो.

११ डिसेंबर

उरलेल्या पिशव्या गच्चीवर जाळल्या. लवकर जळतही नाहीत, भिकारड्या.

१६ डिसेंबर, मंगळवार

हिराताईंना गोळ्या आणायला जायचं होतं. एकटीने बसमध्ये चढवत नाही अजून, बरगडी दुखते. मी गेले सोबत. त्या नको म्हणत होत्या. मी कधी ऐकलंय कुणाचं?

एचआयव्हीच्या गोळ्या देणाऱ्या सरकारी केंद्रात रांग. इथे कुणी कुणाला ओळख दाखवत नाही. शेजारी राहणारे असले तरी खाली बघायचं, हीच रीत. आमच्यापुढे सहा माणसं सोडून एक टोपीवाला. वळला. कपाळावर पट्टी.

बाबुराव.

मला बघितलं आणि भिंतीला टेकला. मी ओरडणार होते. सगळी रांग ऐकेल असं! हिराताईंनी माझ्या दंडात नखं रुतवली.

"गप ऱ्हा. तीन वर्सं झाली, मला ठाव हाय."

बाहेर आणून भांडले त्यांच्याशी. तीन वर्षं? मग त्या दिवशी तोंड शिवलं होतं का तुमचं? एका वाक्यात गप्प बसला असता तो!

"आन् त्याच्या दोन पोरी? लग्नाच्या हायत. त्यास्नी कोन करून घेईल?" श्वास घेतानाही दुखत होतं त्यांना. "भ्यालाय त्यो. माझं कळलं, आता आपलं बी कळंल म्हनून मारलं. तुमचं बरं हाय बाई. बोलायचं, आन् स्कूटरवर बसून जायचं."



१७ डिसेंबर

त्याचं रक्त माझ्या फाटलेल्या हातावर होतं. तो गोळ्या घेतो, मला धोका जवळजवळ नाहीच. शाळाशाळांत घसा कोरडा करून हे मीच सांगते! तरी सकाळपासून चार वेळा हात धुतला. रात्रीच्या जेवणाला माझं ताट, माझा पेला मी वेगळा काढला. आई म्हणाली, "काय गं, काय झालं?"

काही नाही म्हटलं.