ओळीच्या मध्यावरचा श्वास

मंगळवार, ३ मार्च
दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं पत्र मिळालं. भाऊजींचा खोकला गेला हे वाचून बरं वाटलं. धाकट्या नातीला पुढचे दात आले आणि ती सगळ्यांना चावत सुटली आहे, हेही कळलं. माझी तब्येत ठीक. इथं सगळं नेहमीसारखं, म्हणजे डोक्याला ताप.

तू लिहिलंस, "तुझं बरं आहे बाबा, ना सून ना नातवंडं, नुसती शांतता." हे वाक्य तू प्रत्येक पत्रात लिहितेस आणि मी प्रत्येक वेळी गिळतो. या वेळी नाही गिळणार. ताई, आमच्या बेनेडिक्टाइन, म्हणजे ख्रिस्ती संन्याशांच्या, मठात शांतता नसते. बोलणं नसतं, एवढंच. तोंडाला कुलूप लावलं की माणसं बाकीचे सगळे आवाज करायला मोकळी होतात. जेवताना कुणी बोलायचं नाही, एकाने पुस्तक वाचायचं आणि इतरांनी ऐकत जेवायचं, असा आमचा रिवाज आहे. सध्या पुलांच्या बांधकामावरचं पुस्तक चालू आहे आणि वाचणाऱ्याला सर्दी झाली आहे. पुलाचा एकेक खांब उभा राहीपर्यंत आमचा जीव जातो. मीठ हवं असेल तर हाताने खूण करायची. माझ्यासमोर बसणारा माळी मिठाची खूण केली की पाणी सरकवतो. अळणी सूप आणि भरपूर पाणी, अशी माझी कैक वर्षं गेली आहेत. सांगता येत नाही, कारण बोलायचं नाही.

आणि या सगळ्यावर कडी म्हणजे सुतार.

सुतार तुला आठवत असतील. तू आली होतीस तेव्हा ज्यांनी तुला कौतुकाने स्टूल आणून दिलं आणि ते डुगडुगलं, ते. मठात येण्याआधी सुतारकाम करायचे, म्हणून सगळे त्यांना सुतारच म्हणतात. चॅपेलमध्ये, म्हणजे मठाच्या प्रार्थनाघरात, आम्ही मठात आलेल्या क्रमाने बसतो. वय, शिक्षण, हुद्दा काही बघत नाहीत, फक्त आधी कोण आलं ते बघतात. सुतार आणि मी एकाच दिवशी आलो. ते सकाळी पोचले. मी दुपारी, कारण "जेवल्याशिवाय जायचं नाही" म्हणून तू दारात उभी राहिलीस. झालं. तेव्हापासून ते माझ्या उजव्या हाताला, माझ्याआधी, आणि मी त्यांच्यानंतर, मरेपर्यंत. बाहेरच्या जगात शेजारी नकोसा झाला तर घर तरी बदलता येतं.

आता मुद्द्याचं लिहितो. सुतारांना चॅपेलमध्ये बसू द्यायचं की नाही, हे येत्या रविवारपर्यंत ठरायचं आहे, आणि ते येऊन ठेपलं आहे माझ्यावर.

तुला नीट सांगायला हवं. आम्ही दिवसातून अनेकदा चॅपेलमध्ये जमतो आणि स्तोत्रं गातो. समोरासमोर दोन रांगा. एक ओळ आमची, पुढची समोरच्यांची. आणि प्रत्येक ओळीच्या मध्यावर सगळ्यांनी थांबायचं, एक श्वास घ्यायचा आणि मग उरलेली अर्धी ओळ म्हणायची. त्या थांबण्याला आम्ही विराम म्हणतो. गायनाची जबाबदारी माझ्याकडे आल्यापासून मी दुसरं काही केलं नाही, हा विराम बसवला. कुणी लवकर सुटायचा, कुणी रेंगाळायचा, कुणाला दम्याचा त्रास. मी रागावून, आर्जवं करून, प्रसंगी वाईटपणा घेऊन तो बसवला. आता सगळे एकदम थांबतात आणि एकदम उचलतात. पाहुणे येतात ते आमच्या गाण्याबद्दल काही बोलत नाहीत (बोलण्यासारखं नाहीच), पण त्या विरामाबद्दल बोलतात. मला तो फार आवडतो. आयुष्यात मी काही केलं असेल तर ते हे.

गेल्या हिवाळ्यापासून सुतार विरामात थांबत नाहीत. विसरतात. सगळे गप्प होतात आणि यांचा घोगरा आवाज एकटाच पुढे जातो. मग त्यांना कळतं. आमच्याकडे गाताना चूक झाली की चुकणाऱ्याने जागच्या जागी खाली वाकायचं असतं. बाकीचे नुसतं वाकल्यासारखं करतात. सुतार दोन्ही गुडघे जमिनीला टेकतात. त्यांचे गुडघे कामातून गेले आहेत, त्यामुळे उठताना ते माझी बाही धरतात. उठेपर्यंत स्तोत्र पुढे गेलेलं असतं. ते गाठायला ते घाई करतात, घाईत पुन्हा विराम चुकतो, की पुन्हा खाली. एका प्रार्थनेत किती वेळा हे चालतं ते विचारू नकोस. माझ्या सगळ्या झग्यांच्या उजव्या बाह्या उसवल्या आहेत. शिवणखोलीतला भाऊ (इथं आम्ही सगळे एकमेकांचे भाऊच) माझ्याकडे संशयाने बघतो.

"अहो, गुडघे टेकू नका," मी त्यांना बजावलं, "नुसती मान वाकवा. सगळे तेच करतात."

"मान वाकवून काय होतं? मान तर मी जेवतानाही वाकवतो," ते म्हणाले.

आता अशा माणसाला काय सांगणार? आजाऱ्यांची खोली सांभाळणाऱ्या भावाने मठाधिपतींना सांगितलं की हे असंच चाललं तर सुतार लवकरच अंथरुणाला खिळतील. मठाधिपती वयाने लहान आहेत. गायन ते माझ्याकडेच शिकले, अजूनही माझ्याशी जपून बोलतात. त्यांनी मला बोलावलं. आजाऱ्यांच्या खोलीत चॅपेलचा आवाज ऐकू येईल असा स्पीकर आहे. सुतारांनी तिथे खुर्चीत बसून ऐकावं, असा त्यांचा विचार. "पण तुम्ही त्यांचे शेजारी. तुम्ही म्हणाल तसं करू. रविवारपर्यंत सांगा."

मी हो सांगणार आहे. शहाणपणाचं दुसरं काही दिसत नाही. त्यांच्या गुडघ्यांना आराम, माझ्या बाह्यांना आराम, आणि विराम पुन्हा जिथल्या तिथे. तू यावर मला काही लिहू नकोस.

काल त्यांच्या कानावर घालायला म्हणून मी कामाच्या खोलीत गेलो. ते एका फळीला रंधा मारत होते. स्पीकरचं सांगितलं. सगळं स्वच्छ ऐकू येतं, म्हटलं, खुर्चीसुद्धा चांगली आहे.

"ऐकायला कोण आलं होतं इथं?" ते म्हणाले. मग त्यांनी फळी उलटी केली. "आणि तुझ्या शेजारी कोण?"

"कुणी नाही. मी एक जागा पुढे सरकेन."

"मग सरक की. पहिल्या दिवसापासून डोळा आहे तुझा माझ्या जागेवर." आणि हसले. ताई, मला इतका राग आला की मी दार आपटून निघालो. मठात दार आपटत नाहीत. आता त्याबद्दलही कुणीतरी मला बोलेल.

घंटा झाली. उरलेलं नंतर.

गुरुवार, ५ मार्च

पत्र तसंच पडून राहिलं. पाठवलं असतं तर बरं झालं असतं, कारण मग पुढचं लिहावं लागलं नसतं.

काल दुपारच्या प्रार्थनेत मी चुकलो.

कसं झालं ते सांगतो. हिवाळ्यापासून माझा उजवा कान सुतारांकडेच असतो. ओळ मध्यावर आली की मी कान टवकारतो, आता हे थांबतात की सुटतात. काल ते सुटले, आणि त्यांच्याबरोबर मीही सुटलो. अगदी बरोबरीने. सगळं चॅपेल गप्प आणि आमचे दोन आवाज अर्धी ओळ म्हणताहेत. समोरच्या रांगेतली सगळी डोकी वर झाली. ज्याने सगळ्यांना वर्षानुवर्षं विरामावरून छळलं तोच माणूस विरामात गातोय म्हटल्यावर होणारच. माळ्याने तर आ वासला.

मान वाकवली असती तर चाललं असतं. पण सुतार खाली गेले, आणि मीही दोन्ही गुडघे टेकले. का, ते विचारू नकोस. मी वाकलो असतो आणि ते एकटे खाली, हे मला काल बघवलं नसतं. खाली गेल्यावर त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं आणि कुजबुजले, "नवीन आलास का?"

विनोद होता की खरंच विचारलं, मला कळलं नाही. अजूनही कळलेलं नाही. मी हो म्हणून मान हलवली. "असू दे," ते म्हणाले, "होतं सुरुवातीला. माझी बाही धर."

मग आम्हा दोघांनाही उठता येईना. ते माझी बाही धरून बसले, मी त्यांची. स्तोत्र आमच्यावाचून पुढे गेलं, संपलं, दुसरं सुरू झालं. शेवटी मठाधिपती स्वतः जागा सोडून आले आणि त्यांनी आम्हाला एकेक करून उभं केलं. उभा राहिल्यावर मी ओळ शोधत पुस्तकाची पानं उलटत राहिलो. सुतार मात्र गात होते. जोरात, आणि भलतीच ओळ.

तुला मंगळवारी लिहिताना मी एक गोष्ट टाळत होतो, ती आता लिहितो. आयुष्यभर मी या माणसाच्या नावाने बोटं मोडली. पण माझ्या उजव्या हाताला तो घोगरा आवाज नसेल तर मला गाता येणार नाही. तो नुसता सवयीचा आवाज नाही ताई, माझं त्यांच्यावर प्रेम आहे. हे त्यांना सांगायची सोय नाही. सांगितलं तर म्हणतील, मग जागेवर डोळा का ठेवलास?

प्रार्थनेनंतर मठाधिपती दाराशी थांबले होते. मी म्हटलं, सुतार चॅपेलमध्येच राहतील.

"आणि त्यांचे गुडघे?" ते म्हणाले. त्यांचंही चूक नाही.

याचा मी विचार करून ठेवला होता, म्हणजे जमिनीवर बसल्या बसल्याच केला होता. गुडघे टेकतात ते चूक होते म्हणून. चूक होते ती विराम आहे म्हणून. ओळ सरळ, न थांबता म्हटली तर सुतार चुकणारच नाहीत. तेव्हा विराम बंद करायचा.

"तुम्ही विराम सोडणार?"

"होय."

"सगळ्यांना सवय मोडावी लागेल. तुम्हीच इतक्या कष्टाने लावलेली."

"मोडतील. लावायला त्रास झाला, मोडायला काही होत नाही."

तसं ठरलं. आज दुपारी सगळ्यांना घेऊन सराव केला. भयंकर झालं. विरामाशिवाय आमचं गाणं म्हणजे पोती भरल्यासारखं वाटतं, लोक धापा टाकतात, माळी मध्येच खोकतो. समोरच्या रांगेला आता स्वर्ग जवळ करायची घाई झाली आहे, असं वाटावं असा वेग. ऐकताना माझ्या अंगावर काटा येतो आणि तो भक्तीचा नाही. सुतार मात्र खूश. "आता कसं सगळे नीट म्हणायला लागले," असं मला म्हणाले, जणू चूक आजवर आमचीच होती. मी दात ओठ खाल्ले आणि पुढचं स्तोत्र उघडलं.

काल जाता जाता मठाधिपतींनी विचारलं होतं, विराम पुन्हा कधी सुरू करायचा? विचारून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं आपण काय विचारलं ते, म्हणजे सुतार कधी जाणार ते, आणि त्यांनी नजर खाली वळवली.

मी म्हटलं, मला घाई नाही.

घरी सगळ्यांना आशीर्वाद.

तुझा, वैतागलेला,
धाकटा भाऊ