यम्नाचे कान

करामा, दुबई
१५ सप्टेंबर २०२४

तीर्थरूप ओस्करकाकांस,

सा. न. वि. वि. यातली शेवटची दोन अक्षरं आज नुसती रीत म्हणून लिहिलेली नाहीत. विनंती खरोखरच विशेष आहे. फोन केला की तुम्ही कानाचं यंत्र काढून ठेवता आणि मग मी शेजारच्या फ्लॅटला ऐकू जाईल इतका ओरडतो, म्हणून हा कागद. आपल्या वसईची बेव्हर्ली विमानात कामाला लागल्यापासून तिच्या हाती आपल्या टपालाची चांगली सोय झाली आहे.

तर काका, आमच्या मालकाने, म्हणजे अबू माजिदने, घोड्यावर चालणारा गवताचा प्रेस विकत घेतलाय! कुठल्याशा ऑनलाइन लिलावातून, थेट अमेरिकेहून कंटेनरमध्ये. हमरियाच्या आमच्या वर्कशॉपमध्ये तो उतरला तेव्हा सगळे हसले. आमच्याकडे हायड्रॉलिक मशिनं दिवसभर चारा दाबून गासड्या काढतात, त्यात हा सांगाडा कशाला? पण मी मात्र बघतच राहिलो. लहानपणी नाताळात तुम्ही आजोबांच्या वखारीतला प्रेस वर्णन करून सांगायचात, तो हाच. तीच लांब पेटी, पेटीत पुढे-मागे जाणारा दट्ट्या, आणि लांब दांडा, ज्याला घोडा जुंपला की तो गोल फिरतो आणि दट्ट्या गवत दाबतो. शंभर वर्षांपूर्वी कुणी बसून हे डोक्यातून काढलं असेल, त्याला सलाम करावासा वाटतो.

मी जीव ओतून काम केलं. सगळा गंज काढला, नवे बुश घातले, ग्रीस भरलं. दट्ट्या एका बोटाने ढकलला तर सरकत होता. नोव्हेंबरात धैदच्या फार्मवर मालकाची जुन्या शेतीची जत्रा आहे, तिथे हा चालवून दाखवायचा, आणि जुंपायची यम्ना. यम्ना ही त्याच्या वडलांची घोडी, वडील गेले तरी ती आहे. मालक तिला स्वतः खजूर भरवतो.

गुरुवारी सकाळी यम्नाला वर्कशॉपमध्ये आणून पहिली ट्रायल. गवत पुरतं दाबलं गेलं आणि दट्ट्या असा मागे उसळला की दांडा पुढे झेपावून यम्नाच्या मागच्या पायांवर बसला. हाड वाचलं, सूज आहे. तिला सांभाळणारा अलीमियाँ माझ्याशी बोलत नाही. यम्ना आता प्रेस दिसला की चार पाय रोवून उभी राहते. मालक म्हणाला, अजून एकदा बघ, नाहीतर खलास, पेटीखाली मोटर लपवू आणि घोडी नुसती शोभेला फिरवू. काका, असं खोटं नाटक माझ्या हातून व्हायला नको. आजोबांचा प्रेस घोड्याला मारत नव्हता का? मारत नसेल तर का?

काकीला माझा आणि तुमच्या सुनेचा, क्लेअरचा, नमस्कार. लोभ तुमचा आहेच, तो या आठवड्यात जरा घाईने पाठवा.
तुमचा,
फेलिक्स

वसई
२४ सप्टेंबर २०२४

चि. फेलिक्स यास,
अनेक उत्तम आशीर्वाद. साष्टांग राहू दे, या वयात तुझं पोट मध्ये येईल. गुडघ्यावर बसलास तरी मला पोचलं.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तीनदा तुझा राग आला. अरे शहाण्या, तू त्याला एका बोटाने सरकण्याइतका मोकळा केलास, मग तो उसळणार नाहीतर काय! आपला प्रेस गंजलेला, कुरकुरणारा. त्या कुरकुरीनेच दट्ट्या मागे यायला वेळ लावायचा. दुसरं म्हणजे गवत. आपलं गवत दहिवरात पडलेलं, मऊ. दाबलं की गप्प बसायचं. तुमच्याकडचं त्या कोरड्या हवेत वाळून ताठ झालेलं असणार. ते उलटं ढकलतं.

तरी खरं सांगतो, आपलाही मारायचा. रोज थोडा. घोड्याच्या कानांवरून कळायचं. दट्ट्या उसळायच्या आधीच तो कान मागे पाडायचा, कारण फटका मागून येणार हे त्याला माहीत असायचं. प्रेस चांगला की वाईट हे गासडी बघून ठरवू नकोस. कान बघ. कान जागेवर राहिले तर प्रेस सुधारला.

त्यावर मी अठरा-एकोणीस वर्षांचा असताना एक तोड काढली होती. पेटीच्या आत दोन्ही बाजूंना बिजागरीवर दोन लाकडी पाचरी, त्यांना चामडं मढवलेलं. दट्ट्या पुढे जाताना पाचरी आपसूक बाजूला होतात. मागे उसळला की त्याच्याबरोबर ओढल्या जाऊन दोन्हीकडून त्याला धरतात. एकदम अडवत नाहीत, घासत घासत सावकाश येऊ देतात. चित्र मागच्या पानावर आहे. मी पपांना, म्हणजे तुझ्या आजोबांना, हे दाखवलं तेव्हा ते सगळ्या गड्यांसमोर हसले. म्हणाले, चामडं चार दिवसांत चकचकीत होईल, मग त्यात तोंड बघून भांग पाड. पाचरी लावू दिल्या नाहीत. त्याच हंगामात वखारीत तेलाचं इंजिन आलं, प्रेस भंगारात गेला, आणि पपा बरोबर होते की मी, हे कधी ठरलंच नाही. साठ वर्षं झाली. मला ते अजून टोचतं, हे मी तुझ्या काकीलाही सांगितलेलं नाही.

आणि वखारीचा एक नियम होता, तो पाळ. ज्याने दुरुस्ती केली त्याने घोड्याआधी स्वतः पट्टा छातीला लावून फिरायचं. पपा स्वतः फिरायचे. तू दुबईतला साहेब असशील, पण फटका आधी तुझ्या पायांवर बसू दे.

तुझा,
ओस्करकाका

ता. क. फेलिक्सबाळा, मी काकी. न सांगितलेलं सगळं मी वाचलंय, पाकीट चिकटवायचं काम माझंच असतं. हे सध्या माझी दोन्ही लाटणी आणि स्वतःची एक चप्पल कापून टेबलावर प्रेस बांधत बसलेत. चपात्या बंद आहेत, भात खातोय. पण इतके खुशीत मी यांना कितीतरी वर्षांत बघितलं नव्हतं. काम होऊ दे रे.
मिल्ड्रेड

करामा, दुबई
८ ऑक्टोबर २०२४

तीर्थरूप काका आणि काकी,
गुडघ्यावर बसून नमस्कार, आणि आज तेवढंही कठीण आहे. का ते पुढे येईल.

तुमचं चित्र मी वर्कशॉपच्या भिंतीवर लावलं. काय डोकं आहे काका! आमच्या डिझाइनवाल्या इंजिनियरने दहा मिनिटं बघितलं आणि विचारलं, हे कुणाचं पेटंट आहे. मी म्हटलं, माझ्या काकाचं, वसईच्या वखारीतलं. पाचरींसाठी इथे देरा भागात धक्क्याजवळ एका मल्याळी दुकानदाराकडे ढाऊतून, म्हणजे इथल्या लाकडी गलबतातून, निघालेलं जुनं सागवान मिळालं. चामडं फार्मवरच्या मोडक्या खोगिराचं.

मग नियम पाळला. पट्टा छातीला लावला आणि चाळीस माणसांसमोर घोड्याच्या जागी उभा राहिलो. कोणी मोबाइल काढले, कोणी घोड्यासारखं खिंकाळून दाखवलं. अबू माजिद आला आणि त्याने विचारलं, हबीबी, हा काय प्रकार? मी त्याला वखारीचा नियम सांगितला, आजोबांचंही सांगितलं. मग त्याने आपल्या लांब झग्याच्या, कंदुऱ्याच्या, बाह्या सारल्या, यल्ला, चला, म्हणाला, आणि दांड्याला माझ्याशेजारी स्वतःचा खांदा लावला. हसणाऱ्यांनी मोबाइल खिशात घातले. अलीमियाँने मला पाणी आणून दिलं. घोडीला मार बसल्यापासून तो पहिल्यांदाच जवळ आला होता.

आणि काका, दट्ट्या लोण्यासारखा परत येत होता! दांडा जराही उसळला नाही. मी ओरडलोच. पण उन्हं चढली, पेटी तापली, आणि आम्ही गवत घालत राहिलो तसतसं चामडं गुळगुळीत होत गेलं. शेवटी एकदम सुटलं. मालक तोवर बाजूला झाला होता, सुदैव. फटका मला मांड्यांवर बसला आणि मी तोंडावर आपटलो. आता उभ्यानेच जेवतोय. चामडं उघडून बघितलं तर आरशासारखं चमकत होतं.

हे तुम्हाला लिहावं की नाही, यावर क्लेअरशी वाद झाला. पण तुमच्यापासून लपवणं मला जमलं नाही. मालकाने मोटर मागवून ठेवली आहे, बसवलेली नाही. काहीतरी सुचवा.

माया पातळ होऊ देऊ नका.
तुमचा,
फेलिक्स

वसई
१५ ऑक्टोबर २०२४

चि. फेलिक्स यास,
आशीर्वाद. तुला फार लागलं नाही ना? मांड्यांना एरंडेल कोमट करून लाव.

म्हणजे पपा बरोबर होते. चमकेल म्हणाले होते, चमकलं. साठ वर्षं मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत होतो आणि ते बिचारे खरंच सांगत होते. झालं ते झालं. घोडीला पुन्हा त्यात जुंपू नकोस. तिच्या पायांपेक्षा माझी हौस मोठी नाही. मोटर बसव. मालकाने दांड्याला खांदा लावला, हे मला फार आवडलं, त्याला माझा सलाम सांग.

चित्र भिंतीवरून काढून टाक.
ओस्करकाका

ता. क. यांनी टेबलावरचा प्रेस उचलून माळ्यावर टाकला. लाटणी परत मिळाली, पण चपात्या केल्या तर जेवायलाच उठले नाहीत. तू हुशार आहेस, फेलिक्स. नुसता मोटरवाला होऊ नकोस, एवढंच सांगते. चित्र काढायचं नाही, ही माझी आज्ञा.
मिल्ड्रेड

धैद, शारजा
२७ ऑक्टोबर २०२४

तीर्थरूप काका,
नमस्कार, गुडघ्यावर बसून, व्यवस्थित. मांड्या बऱ्या आहेत.

चित्र काढलं नाही. तुमच्यापेक्षा काकीचा हुकूम मोठा. तुमचं पत्र आलं त्या दिवशी डोकं जड झालं होतं म्हणून कंपनीच्या पिकअपचे ब्रेक बदलायला बसलो, आणि हातात जुना ब्रेक-पॅड घेऊन तसाच थांबलो. घासायचं, तापायचं, आणि तरीही धरून ठेवायचं, हेच तर त्याचं आयुष्यभराचं काम! तोड तुमचीच चांगली होती काका, नुसतं चामडं चुकीचं होतं. तुमच्या काळी वखारीत चामड्याशिवाय दुसरं होतं तरी काय? मी पाचरींवरचं चामडं सोलून काढलं आणि ब्रेकचं लायनिंग रिव्हेट मारून बसवलं. पाचरींचा आकार, बिजागरी, तिरकेपणा, सगळं तुमचं. एक सूतभरही बदललं नाही.

मग मी पुन्हा पट्टा लावला. या वेळी मुद्दाम सकाळपासून भर उन्हापर्यंत फिरलो, पेटीला हात लावला तर चटका बसत होता. मालक, अलीमियाँ, आळीपाळीने सगळे येऊन दांडा ढकलून गेले. आता हसत कोणीच नव्हतं. पाचरींनी दट्ट्याला एकदाही सोडलं नाही.

काल प्रेस इथे फार्मवर आणला आणि संध्याकाळी अलीमियाँने यम्नाला बाहेर काढलं. ती लांबूनच पाय रोवून उभी राहिली. ओढायची नाही, असं मीच सांगितलं. मी आपला पट्टा लावून रिकामा प्रेस फिरवत राहिलो. ती बघत होती. बऱ्याच वेळाने ती आपणहून आली आणि माझ्यामागून चालायला लागली. तिचा श्वास माझ्या मानेवर. मला तिथेच रडू आलं, लिहायला लाज नाही. मग मी बाजूला झालो, पट्टा तिला लावला, पेटीत गवत घातलं आणि तिने पहिली गासडी काढली.

कानांचं मी लिहीत नाही. तो निकाल तुम्ही द्यायचा. व्हिडिओ काकीच्या फोनवर पाठवलाय. मालक निकालासाठी थांबलाय, मोटर अजून खोक्यातच आहे. तो विचारत होता, प्रेसजवळच्या पाटीवर सुधारणा कोणाची म्हणून कोणाचं नाव घालायचं. तुमचं घालू ना?

क्लेअर प्रेम कळवते. तुमचं प्रेम आहे म्हणून इतकं जमलं, ते असंच असू द्या.
फेलिक्स

वसई
२ नोव्हेंबर २०२४

चि. फेलिक्स यास,
भरभरून आशीर्वाद, आणि आज तुला माझाही नमस्कार. वयाचं काय घेऊन बसायचं.

तुझ्या काकीने फोन मोठ्या स्टँडवर लावून दिला. मला त्यातलं काही ऐकू आलं नाही, पण त्यात ऐकायचं होतंच काय. मी फक्त घोडीचं डोकं बघत होतो. दट्ट्या पुढे गेला, गवत दबलं, परत आला. पुन्हा गेला, पुन्हा आला. मग मी काकीला म्हटलं, परत लाव. तिने किती वेळा लावला तिलाच विचार. शेवटी तिच्या फोनची बॅटरी संपली आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघून खुळ्यासारखे हसलो. काय सुंदर घोडी आहे रे. आणि काय काम केलंस! ब्रेकचं लायनिंग मला सात जन्मांत सुचलं नसतं.

तुझ्या मालकाला सांग, मोटर परत पाठव. पाटीवर तीन नावं घाल. एक माझं, एक तुझं. तिसरं पपांचं, कारण चामड्याची खोड त्यांनी आधीच ओळखली होती, आणि आधी स्वतः पट्टा लावायचा त्यांचा नियम नसता तर आपण यम्नाला त्यातच जुंपलं असतं.

आज मृतांचा स्मरणदिन. देवळातून आम्ही कबरस्तानात गेलो. यंदा फुलं जरा जास्त नेली. सगळे मेणबत्त्या लावून परतले तरी मी पपांपाशी थांबलो. काकी म्हणते मी फार मोठ्याने बोललो, आजूबाजूचे वळून बघायला लागले. असू दे. मला ऐकू येत नाही तर माझा आवाज मला कुठे कळतो? मी एवढंच म्हणालो: "पपा, चामड्याचं तुमचं खरं होतं. पण कान हलले नाहीत."

तुझा,
ओस्करकाका